घटक ६ : नदी आणि शेतीचा पाणीउपसा — भोर-वेल्हे परिसराचा अभ्यास

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
- भोर व वेल्हे या तालुक्यांतील नद्या, धरणे आणि शेती यांचा परस्परसंबंध सांगता येईल.
- 'उपसा', 'पाळी', 'पाणलोट क्षेत्र', 'लाभक्षेत्र' या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
- उपशाचे नियमन का आवश्यक आहे, हे साध्या आकडेमोडीच्या आधारे पटवून देता येईल.
- पाणीवाटपाचे कायदे व लोकांनी उभे केलेले प्रयोग यांचे महत्त्व विशद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण माहितीपर गद्याची वैशिष्ट्ये पाहिली. एखादा विषय समजावून देताना लेखकाला त्या विषयाची परिभाषा नेमकेपणाने वापरावी लागते, हे तेथे आपल्या लक्षात आले. प्रस्तुत घटकात आपण एक प्रत्यक्ष विषय घेऊन त्याचे विवेचन करणार आहोत. विषय आहे शेतीसाठी नदीतून होणाऱ्या उपशाचा, आणि क्षेत्र आहे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांचे. वेल्हे तालुक्याला आता 'राजगड' असे नाव देण्यात आले आहे. तथापि जुने नाव लोकांच्या तोंडी असल्याने येथे तेच वापरले आहे.

आपल्यापैकी अनेकजण शेती सांभाळून शिक्षण घेत आहेत. काहींनी रात्री वीज आल्यावर बॅटरी घेऊन पंप सुरू करायला नदीकाठी जाण्याचा अनुभव घेतला असेल. या घटकातील प्रश्न त्यांच्या परिचयाचा आहे. शिवारातला तो प्रश्न संपूर्ण खोऱ्याच्या पातळीवर कसा दिसतो, हे येथे पाहावयाचे आहे.

६.२ परिसराची ओळख

भोर आणि वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून आहेत. तोरणा, राजगड हे किल्ले आणि रायरेश्वराचे पठार याच परिसरात आहेत. नीरा नदी भोर तालुक्याच्या पश्चिम भागात शिरगावजवळ उगम पावते. वेळवंडी ही तिची उपनदी. वेल्ह्यातील कानंदी व गुंजवणी यांचे पाणीही पुढे नीरेलाच मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. वेल्ह्याच्या उत्तर भागातील आंबी व मोसे या नद्या मात्र मुठेकडे वळतात. आंबीवरील पानशेत व मोसेवरील वरसगाव या धरणांच्या पाण्यावर पुणे शहर अवलंबून आहे. म्हणजे एकाच तालुक्याचे पाणी दोन दिशांना जाते. एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला नीरा खोऱ्यातील शेती.

या परिसरातील धरणांची परंपरा जुनी आहे. नीरा डाव्या कालव्यासाठी भाटघर येथे एकोणिसाव्या शतकातच धरण बांधले गेले. आजचे मोठे भाटघर धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. भाटघरची साठवणक्षमता सुमारे २३.५ टीएमसी, नीरा देवघरची सुमारे ११.७ टीएमसी आणि गुंजवणीची सुमारे ३.७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. या तीन धरणांत मिळून जवळपास ३९ टीएमसी पाणी साठू शकते. त्यातील फार मोठा वाटा खाली पुरंदर, बारामती, इंदापूर, खंडाळा, फलटण, माळशिरस या तालुक्यांकडे जातो.

आता या परिसराची दुसरी बाजू पाहू. घाटमाथ्याजवळच्या गावांत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो. भाताची खाचरे तुडुंब भरतात. परंतु हीच गावे एप्रिल-मे महिन्यांत हंड्यांच्या रांगा लावतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण अशाच अनुभवातून जन्मली आहे. याची दोन कारणे आहेत. पहिले कारण खडकाचे. हा सारा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा सच्छिद्र नाही. त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. उतार तीव्र असल्याने पावसाचे बहुतेक पाणी थेट ओढ्यांतून निघून जाते. दुसरे कारण उंचीचे. धरणाच्या वर असलेली शेते जलाशयापेक्षा उंचावर आहेत. कालवा उताराने वाहतो, तो खालच्या गावांना मिळतो. वरच्या गावाला पाणी हवे असेल तर ते उचलूनच घ्यावे लागते.

६.३ शब्द काय सांगतात ?

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण येथे क्षणभर थांबू. पाटबंधारे खात्याच्या भाषेत धरणाच्या वरच्या भागाला 'पाणलोट क्षेत्र' म्हणतात, पाण्याखाली जाणाऱ्या भागाला 'बुडीत क्षेत्र' आणि कालव्याच्या खालच्या भागाला 'लाभक्षेत्र'. या तिन्ही संज्ञा तांत्रिकदृष्ट्या अचूक आहेत. परंतु त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते : लाभ कोणाचा हे नावातच ठरून गेले आहे. भोर व वेल्ह्याची कित्येक गावे पहिल्या दोन रकान्यांत येतात. नीरा देवघर व गुंजवणी प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात या तालुक्यांचा काही भाग आहे, हे खरे. पण जलाशयाच्या वरच्या वाड्या-वस्त्यांना त्याचा उपयोग नाही.

आता 'उपसा' हा शब्द घ्या. आपण विहीर उपसतो, गाळ उपसतो, होडीत शिरलेले पाणी उपसतो. जे आत साठले आहे ते बाहेर काढणे, असा या क्रियापदाचा अर्थ आहे. त्यात साठा संपण्याची शक्यता गृहीत आहे. विहीर उपसून कोरडी करता येते. याउलट 'पाळी' किंवा 'बारी' या शब्दात दुसरा माणूस गृहीत आहे. माझी पाळी आहे म्हणजे माझ्यानंतर कोणाची तरी पाळी येणार आहे. मोटेच्या व पाटाच्या काळात हे दोन्ही शब्द एकत्र नांदत होते. विजेचा पंप आला, आणि उपसा पाळीपासून सुटला. प्रत्येकाचा पंप स्वतंत्र, वीज मात्र सर्वांना एकाच वेळी. उपशाला पुन्हा पाळीशी जोडणे, हाच या घटकाचा गाभा आहे, असे म्हणता येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. वेल्हे तालुक्यातील कोणत्या नद्यांचे पाणी मुठेकडे जाते ?
२. घाटमाथ्यालगतच्या गावांत उन्हाळ्यात टंचाई का जाणवते ? दोन कारणे लिहा.
३. 'उपसा' आणि 'पाळी' या शब्दांच्या अर्थच्छटांतील फरक स्पष्ट करा.

६.४ उपशाचा नदीवर होणारा परिणाम

पावसाळा संपल्यावर ओढ्यात जे पाणी वाहते ते प्रामुख्याने जमिनीत मुरलेले पाणी असते. झऱ्यांवाटे, काठाच्या मातीतून ते हळूहळू पात्रात येते. ऑक्टोबरमध्ये हा प्रवाह जोमदार असतो. जानेवारीत तो निम्म्यावर येतो. मार्चमध्ये धार उरते. त्यानंतर नदी म्हणजे डोहांची मालिका. हे डोह महत्त्वाचे आहेत. मासे, खेकडे, कासवे उन्हाळाभर त्यांत तग धरतात. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात याला 'वलगण' म्हणतात. मे महिन्यात डोह पंपाने तळापर्यंत उपसला गेला, तर जूनमध्ये चढण्यासाठी मासाच उरत नाही. गुरांचे पिणे, काठची झाडी, जवळच्या विहिरींची पातळी हे सर्व या उरलेल्या पाण्यावर टिकून असते.

पश्चिम घाट हा जगातील जैवविविधतेने अत्यंत समृद्ध अशा प्रदेशांपैकी एक मानला जातो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आणि के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये या प्रदेशाच्या संवेदनशीलतेचा अहवाल दिला. त्यानंतर केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राबाबत वेळोवेळी प्रारूप अधिसूचना काढल्या. या चर्चेत खाणी, मोठे उद्योग व बांधकामे यांवर भर राहिला. शेतीचा उपसा हा त्या मानाने लहान दिसणारा, विखुरलेला विषय आहे. परंतु लहान ओढ्याच्या दृष्टीने तो लहान नाही. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

६.५ एका ओढ्याचा हिशोब

पुढील आकडे काल्पनिक गावाचे आहेत. केवळ हिशोबाची रीत समजावी म्हणून ते घेतले आहेत.

समजा, एका ओढ्याच्या काठी ४० पंप आहेत. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे २० मीटर उंचीवर पाणी उचलताना सेकंदाला साधारण १० लीटर पाणी देतो, असे धरू. आठ तास वीज मिळाली तर एक पंप दिवसाला २,८८,००० लीटर, म्हणजे २८८ घनमीटर पाणी काढतो. तुलनेसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये नदीतून वा जमिनीतून दिवसाला २० घनमीटरपेक्षा अधिक पाणी काढायचे असेल, तर सर्वसाधारणपणे परवाना घ्यावा लागतो.

*पहिली स्थिती (डिसेंबर).* ओढ्यातून सेकंदाला २५० लीटर पाणी वाहते आहे. वीज येताच ४० पंप एकदम सुरू झाले तर मागणी होते सेकंदाला ४०० लीटर. ओढा देऊ शकतो २५०. परिणामी वरचे पंप चालतात, खालच्यांच्या फूटव्हॉल्व्हमध्ये हवा शिरते आणि ओढा कोरडा पडतो. वस्तुतः दिवसभरात ओढ्यातून २१,६०० घनमीटर पाणी जाते आणि चाळीस पंपांची गरज ११,५२० घनमीटर आहे. म्हणजे पाणी कमी नाही. एकाच वेळी उपसण्याची घाई अधिक आहे. निम्मे पंप एका दिवशी व निम्मे दुसऱ्या दिवशी चालवले, तर एका वेळी २०० लीटर उचलले जातात, ५० लीटर ओढ्यात वाहत राहतात आणि प्रत्येकाची पाळी एक दिवसाआड येते.

*दुसरी स्थिती (फेब्रुवारी).* प्रवाह सेकंदाला १२० लीटरवर आला. ओढ्यात ५० लीटर राखायचेच असे गावाने ठरवले असेल, तर उपशासाठी ७० लीटर उरतात. म्हणजे एका वेळी सातच पंप. चाळीस पंपांना सात-सातच्या गटांनी पाणी द्यायचे तर पाळी सहाव्या दिवशी येईल.

*तिसरी स्थिती (एप्रिल).* प्रवाह ५० लीटर किंवा त्याहून कमी. आता उपसा बंद. उरलेले पाणी पिण्यासाठी, गुरांसाठी आणि नदीसाठी.

या हिशोबातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, राखीव प्रवाह आधी बाजूला काढावा लागतो; शेवटी उरेल ते नदीला, असे म्हटले तर नदीला काहीच उरत नाही. दुसरा, पाळीमुळे पाण्याची वेळ सावरता येते, परंतु पाण्याचे परिमाण वाढत नाही. डिसेंबरमध्ये जो उपाय पुरतो तो फेब्रुवारीत पुरत नाही. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा : एप्रिलमधले भांडण ऑक्टोबरमध्येच मिटवावे लागते. सहा दिवसांच्या पाळीवर हरभरा, ज्वारी, वाल तग धरतात. उन्हाळी भाजीपाला किंवा ऊस धरत नाही. कोणते पीक घ्यायचे, हा निर्णय पेरणीपूर्वी झाला तरच पाळी पाळली जाते. पीक उभे राहिल्यावर ते डोळ्यांदेखत वाळू देणे कोणत्याही शेतकऱ्याला शक्य नसते, आणि तशी अपेक्षा करणेही न्याय्य नव्हे.

६.६ कायद्याची चौकट

महाराष्ट्रात पाण्याच्या वापरासंबंधी अनेक कायदे आहेत. त्यांपैकी चार आपल्या विषयाशी निगडित आहेत.

(अ) *महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६.* अधिसूचित नदी, जलाशय वा कालव्यातून पाणी घेण्यासाठी परवानगी व पाणीपट्टी यांची तरतूद यात आहे. सिंचनवर्ष १ जुलै ते ३० जून असे मोजतात व त्याचे खरीप, रब्बी व उन्हाळी असे तीन हंगाम मानतात.

(आ) *महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५.* यानुसार पाणीवापर संस्था स्थापन करून वाटपाची जबाबदारी शेतकऱ्यांच्या हाती देता येते.

(इ) *महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५.* पाण्याचे हक्क घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून निश्चित करण्याचे तत्त्व या कायद्याने आणले. नदीखोरे हा नियोजनाचा घटक मानला गेला.

(ई) *महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९.* पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर यात निर्बंध आहे. ६० मीटर वा अधिक खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' मानून तिच्यावर नियंत्रण ठेवले आहे.

येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. कायद्याने नदीचे पाणी व भूजल यांचे दोन वेगळे रकाने केले. निसर्गात मात्र असा भेद नाही. ओढ्याच्या काठावर वीस पावलांवर विहीर खोदून पंप लावला, तर कागदावर तो भूजलाचा उपसा ठरतो. पाणी मात्र ओढ्याचेच येते. म्हणून ६.५ मधील हिशोबात काठच्या विहिरी धरल्या नाहीत, तर पाळी कागदावरच राहील.

६.७ शेजारचा एक धडा : पाणी पंचायत

भोर-वेल्ह्याच्या पूर्वेला पुरंदर तालुका आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणलोट विकासाचे काम सुरू केले. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिची तत्त्वे थोडक्यात अशी होती : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मिळेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. आणि उसासारखे अतिपाण्याचे पीक घ्यायचे नाही.

या तत्त्वांमधील दूरदृष्टी आपण समजून घेतली पाहिजे. ज्याची जमीन जास्त त्याचे पाणी जास्त, हे गृहीतक येथे बाजूला सारले गेले. पाणी पंचायतीच्या योजना प्रामुख्याने सामूहिक उपशाच्या होत्या. एकच पंपघर, एकच हिशोब आणि पाणी सोडणारा पाटकरी ही गावाने नेमलेली व्यक्ती. उपसा आणि पाळी हे शब्द येथे पुन्हा एकत्र आले. अर्थात प्रत्येक योजना टिकली नाही. ज्या ठिकाणी बाजूने कालव्याचे पाणी आले वा उसाचा भाव मोहात पाडू लागला, त्या ठिकाणी नियम सैल होणे स्वाभाविक होते. नियम लिहिणे सोपे असते. ते दरवर्षी पुन्हा मान्य करवून घेणे कठीण असते.

६.८ ठिबक सिंचनाविषयी एक सावधगिरी

उपशावरील उपाय म्हणून ठिबक व तुषार सिंचनाचा पुरस्कार केला जातो, आणि तो योग्यच आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लीटर. पाटाने दिलेल्या पाण्यातील बराच भाग पिकाच्या मुळापर्यंत पोचत नाही. ठिबकने हा भाग वाचतो. परंतु वाचलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारला पाहिजे. शेतकऱ्याने त्याच पाण्यात एकाऐवजी दोन एकर भिजवले, तर त्याचे उत्पन्न वाढेल. ओढ्याला मात्र एक थेंबही अधिक मिळणार नाही. उलट पूर्वी पाटातून झिरपून जे पाणी परत ओढ्यात येत होते, तेही थांबेल. तात्पर्य, ठिबकसोबत उपशाची मर्यादा ठरली असेल तरच नदीचा लाभ होतो.

६.९ न्यायाचा प्रश्न

येथवरच्या विवेचनातून असा समज होऊ शकतो की, नदी वाचवण्यासाठी वरच्या गावांनी उपसा कमी करावा, एवढे पुरे. हा समज एकांगी ठरेल. ज्या गावांनी धरणासाठी जमीन दिली, ज्यांच्या डोंगरावरचे पाणी शंभर-दीडशे किलोमीटरवर जाते, त्यांना पाच अश्वशक्तीचा पंप लावण्याबद्दल दोषी धरणे आणि खालच्या उसाला पाणी सोडत राहणे, ही नीती लोकांना पटणारी नाही. वरच्या गावांचा वाटा खोऱ्याच्या एकूण साठ्याच्या तुलनेत अल्प आहे. तो निश्चित, मोजलेला आणि लेखी असावा, ही मागणी रास्त आहे. त्याचबरोबर त्या वाट्याच्या आत राहून ओढ्यातील डोह जपणे ही गावाची स्वतःची गरज आहे. कारण मे महिन्यात हंडा घेऊन त्याच डोहावर जायचे असते, आणि तो हंडा बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर असतो. पाळी ठरवणाऱ्या बैठकीत मात्र ती क्वचितच असते. कोणतीही पाणीवाटप पद्धत तपासताना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. राखीव प्रवाह आधी बाजूला का काढावा लागतो ?
२. पाणी पंचायतीची कोणतीही तीन तत्त्वे लिहा.
३. 'ठिबकमुळे नदीचे पाणी वाचतेच असे नाही.' हे विधान स्पष्ट करा.

६.१० सारांश

भोर व वेल्हे हे नीरा आणि मुठा या दोन नद्यांना पाणी देणारे तालुके आहेत. खडकाची ठेवण आणि शेतांची उंची यांमुळे येथील वरच्या गावांना उपशावाचून पर्याय नाही. लहान ओढ्यावर एकाच वेळी होणारा उपसा नदीला व खालच्या शेतकऱ्याला घातक ठरतो. राखीव प्रवाह, मोजणी, पाळी आणि पेरणीपूर्वी ठरलेले पीक या चार गोष्टी एकत्र आल्या तरच उपशाचे नियमन होते. कायद्याने चौकट दिली आहे. नदी आणि विहीर यांचा एकत्र विचार करणे बाकी आहे. वरच्या गावांना न्याय्य वाटा मिळाल्याशिवाय नियमनाला लोकांची मान्यता मिळणार नाही.

६.११ पारिभाषिक शब्द

*आवर्तन* : कालव्यातून ठराविक काळाने सोडले जाणारे पाणी.
*घनमापन पद्धती* : क्षेत्रावर न आकारता पाणी मोजून देण्याची पद्धत.
*पाटकरी* : पाटाचे पाणी सोडणारा, वाटप सांभाळणारा.
*राखीव प्रवाह* : नदीच्या जीवसृष्टीसाठी व पिण्यासाठी पात्रात ठेवायचे पाणी.
*लाभक्षेत्र* : प्रकल्पाच्या पाण्याने भिजणारे क्षेत्र.

६.१२ सरावासाठी स्वाध्याय

१. शेतीच्या पाणीउपशाचे नियमन का आवश्यक आहे ते भोर-वेल्हे परिसराच्या आधारे सविस्तर लिहा.
२. ६.५ मधील उदाहरणात राखीव प्रवाह ५० ऐवजी ८० लीटर ठरवला, तर फेब्रुवारीत एका वेळी किती पंप चालतील व पाळी कितव्या दिवशी येईल ? हिशोब मांडा.
३. टिपा लिहा : (अ) पाणी पंचायत (आ) भूजल अधिनियम, २००९ (इ) पाणलोट क्षेत्र व लाभक्षेत्र.

६.१३ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळच्या ओढ्याला किंवा नदीला महिन्यातून एकदा, सलग चार महिने, एकाच ठिकाणी भेट द्या. पाण्याची रुंदी व खोली काठीने मोजा. काठावरील पंप व विहिरी मोजा. पूर्वी पाण्याची पाळी कशी ठरत असे, हे गावातील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांना विचारा आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. या नोंदींच्या आधारे सुमारे पाचशे शब्दांचा अहवाल लिहून संपर्कसत्रात सादर करा.